कर्ण्यावरची शाळा

रियाजला वाचता येत नाही ही गोष्ट कवठाळीत दोनच माणसांना ठाऊक होती. एक रियाज स्वतः आणि दुसरी त्याची बायको वहिदा. चाकूर तालुक्यातलं एवढंसं गाव. कुणाच्या घरी काल कसलं कालवण झालं हे तिथं दुसऱ्या टोकापर्यंत कळतं. अशा गावात एवढी मोठी गोष्ट पंचवीस-तीस वर्षं झाकून ठेवणं म्हणजे काही खायचं काम नाही.

पण रियाजचा धंदाच त्याच्या मदतीला होता. तो लग्नाकार्यात साउंड लावायचा. दोन कर्णे, ॲम्प्लिफायर, एक कॉर्डलेस माईक आणि हे सगळं ठेवायची निळ्या पत्र्याची पेटी. पेटीवर पेंटरनं पिवळ्या रंगात ठळक लिहिलं होतं, 'रियाज साउंड सर्व्हिस'. या धंद्यात डोळ्यांपेक्षा कानांना काम जास्त. कुणी पत्रिका पुढं केली की तो ती हातात घ्यायचा, गणपती वरच्या बाजूला आहे ना तेवढं बघायचा आणि म्हणायचा, "चष्मा घरी राह्यला बगा. तुमीच सांगा नावं. एकदाच सांगा." चष्मा त्याच्याकडं कधीच नव्हता. पण एकदा कानावर पडलेलं नाव परत सांगावं लागत नसे. नवरदेवाच्या आजोळच्या पाहुण्यांपर्यंत सगळी यादी तो पत्रिका समोर धरून, न अडखळता माईकवर म्हणायचा. मांडवातली माणसं एकमेकांना म्हणायची, काय वाचतो गडी!

दोन हजार वीसच्या मार्चमध्ये लग्नं बंद पडली आणि शाळाही. साउंडची पेटी घरात येऊन बसली. जिल्हा परिषदेच्या शाळेवरच्या पंचशीलाबाई चाकूरहून स्कूटीवर यायच्या. शाळेला कुलूप असलं तरी त्यांचं डोकं काही बंद झालं नव्हतं. आधी त्यांनी मोबाईलवर ग्रुप काढला, रोज अभ्यास पाठवायला लागल्या. पण मोबाईल बापाच्या खिशात आणि बाप सोयाबीनमध्ये. संध्याकाळी मोबाईल घरी यायचा तेव्हा त्याची बॅटरी आणि बापाचं डोकं दोन्ही उतरलेलं असायचं. शाळा समितीचे अध्यक्ष ग्यानोबा यांच्याकडं मोठा फोन होता, पण त्याला रेंज यायची ती पाण्याच्या टाकीवर चढल्यावर. पहिलीतल्या नातवाला, सत्यमला, रोज टाकीवर कोण चढवणार?

एकदा सकाळी बाई गावात आल्या तर रियाजचा कर्णा चालू होता. यंत्र दमट होऊ नये म्हणून तो आठवड्यातून एकदा ते पाव तास चालवायचा. "हॅलो, हॅलो" असं तो नुसतं म्हणत होता आणि ते अख्ख्या गावाला ऐकू जात होतं. बाई त्याच्या दारात उभ्या राहिल्या.

"रियाजभाई, एवढा आवाज मला मिळाला तर माझी चाळीस लेकरं घरबसल्या शिकतील."

"घ्या की मग," रियाज म्हणाला. "नुसतंच गंज खाऊन राह्यलंय."

यात बाईंचं काही चुकलं नाही आणि रियाजचंही नाही. चांगल्या कामात चूक शिरते ती अशीच, चपला बाहेर काढून, शहाण्यासारखी.

ग्रामपंचायतीच्या छतावर कर्णे चढले. सकाळी आठला शाळा. पोरं आपापल्या दारात पोतं टाकून, पुस्तक मांडीवर घेऊन बसायची. बाई एक ओळ वाचायच्या आणि मागून गल्लीगल्लीतून ती ओळ उठायची. "बोट ठेवा," बाई म्हणायच्या. "शेळी आली. शेळीनं पाला खाल्ला. शेळीनं बंडूची टोपी खाल्ली. पान उलटा." सगळ्या गावात एकदम पान उलटल्याचा आवाज व्हायचा म्हणे. हे ग्यानोबा सांगायचे, म्हणजे त्यातलं निम्मं धरायचं. बाईंना यायला जमलं नाही की त्या आवाज रेकॉर्ड करून पाठवायच्या आणि रियाज फोन माईकला लावायचा. तूर निवडता निवडता म्हाताऱ्या पारूबाईची सगळी पहिली पाठ झाली. दिवाळीत नातू भेटायला आला तर तिनं त्याला शेळीचा अख्खा धडा म्हणून दाखवला.

रियाजची मुलगी अलीझा त्याच वर्षी पहिलीत गेली होती. गेली म्हणजे नाव घातलं होतं; शाळा आतून कशी असते हे तिनं पाहिलंच नव्हतं. घरात तिला विचारायला कुणी नव्हतं. वहिदा बिदरकडची, उर्दू आणि कानडी वाचायची, पण मराठी अक्षराशी तिची ओळख नव्हती. रियाजचं तर सांगितलंच आहे. तरी पोरगी रोज सकाळी आंघोळ करून, वेणी घालून दारात बसायची आणि बोट ठेवून खणखणीत वाचायची. ग्रामपंचायतीच्या छतावर यंत्रापाशी बसलेल्या रियाजला गल्लीतून तिचा आवाज वेगळा ओळखू यायचा. त्याला फार सुख व्हायचं. आपल्या घराण्यातलं पहिलं वाचणारं माणूस आपल्या कर्ण्यानं तयार केलं, असं त्याला वाटायचं, आणि असं कुणाला वाटणार नाही?

जानेवारीत मोठ्या वर्गांच्या शाळा उघडायचं ठरलं. पहिली ते चौथी मात्र बंदच. बाईंनी ठरवलं की सव्वीस जानेवारीला झेंडा झाल्यावर पहिलीच्या सात लेकरांनी माईकवर वाचून दाखवायचं. रियाजनं कॉर्डलेस माईक घेऊन दारोदार जायचं, लेकरानं आपल्याच उंबऱ्यावर बसून एक धडा वाचायचा, सगळ्या गावानं ऐकायचं. "ज्याला वाचता येतंय त्याच्या नावापुढं मी तसं लिहून टाकते," बाई म्हणाल्या. "मग दुसरीत नवीन पुस्तक. मागं वळून बघायला नको."

सव्वीस तारखेला चार दिवस राहिले होते. दुपारी रियाज ओट्यावर बसून वायर जोडत होता आणि शेजारी अलीझा सराव करत होती. शेळीचा धडा झाला. "पान उलटा," असं स्वतःलाच बजावून तिनं पान उलटलं आणि विहिरीचा धडा सुरू केला. "विहीर खोल आहे. विहिरीत कासव आहे..."

रियाजची नजर सहज पुस्तकावर गेली. समोरच्या पानावर विहीर नव्हती. समोर बैलगाडीचं चित्र होतं.

त्यानं पुस्तक हातात घेतलं. मधली दोन पानं गुळानं एकमेकांना चिकटली होती. विहिरीचा धडा त्या चिकटलेल्या पानांच्या पोटात होता. अलीझा बैलगाडीवर बोट फिरवत, एकही शब्द न चुकता, विहीर वाचत होती.

रियाजनं पुस्तक भलतीकडंच उघडलं आणि मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं. "हे काय हाय, बेटा?"

अलीझानं शब्दाकडं पाहिलं. मग चित्राकडं पाहिलं. मग बापाकडं पाहून ती गोड हसली. "अब्बा, सुरुवातीपासून म्हणू?"

खरं तर तो शब्द कोणता हे रियाजलाही माहीत नव्हतं. तिनं काहीही ठोकून दिलं असतं तर त्यानं मान डोलावली असती. पण ती खोटं बोलणारी पोर नव्हती. तिला मनापासून वाटत होतं की वाचणं म्हणतात ते हेच. बोट फिरवायचं, ऐकलेलं म्हणायचं आणि बाई सांगतील तेव्हा पान उलटायचं.

रियाजनं ते लगेच ओळखलं. कारण ही विद्या त्याची स्वतःची होती. आजोळच्या शाळेत तिसरीपर्यंत तो असाच वाचत होता. गुरुजी वाचायचे, ते कानात राहायचं, पाळी आली की तो धडाधडा म्हणायचा. मग एक दिवस गडबडीत त्यानं मराठीऐवजी परिसर अभ्यासाचं पुस्तक उचललं आणि उभं राहून त्यातून कविता वाचली. शेजारच्या पोरानं ते गुरुजींना दाखवलं. गुरुजी हसले, मग सगळा वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून रियाज चुलत्याबरोबर बॅटऱ्या उचलायला गेला तो गेलाच. अख्ख्या तालुक्यात अलीझाची ही लबाडी, लबाडी नसलेली लबाडी, ओळखू शकणारा माणूस एकच होता आणि तो तिचा बाप होता. चोराच्या वाटा चोराला ठाऊक.

त्यानं चुलीपाशी जाऊन वहिदाला सांगितलं.

वहिदा भाकरी थापायची थांबली. "बाईंना सांगा मग."

"सांगतो."

"बाई विचारतील, रियाजभाई, तुमाला कसं कळलं?"

रियाज चुलीतलं लाकूड उगाच पुढं सारायला लागला.

"गाव बी विचारंल," वहिदा म्हणाली. "लग्नाची नावं वाचायला बोलावतेत तुमाला. काय सांगशाल?" मग भाकरी तव्यावर टाकून ती हळूच म्हणाली, "पन न्हाई सांगितलं तर ही बी तुमच्यावानीच व्हईल. तुमाला माईक तरी घावला. पोरीच्या जातीला काय घावंल?"

रियाजनं दुसऱ्या दिवशी बाईंना फोन लावला. पण बाईंनीच आधी तोंड उघडलं. "रियाजभाई, तुमच्या अलीझाला मी शेवटी ठेवलंय हं. सगळ्यात छान वाचते. शेवट गोड व्हायला पाहिजे." रियाज 'हाव, बरं हाय' म्हणाला, माईकच्या सेलचं काहीतरी बोलला आणि फोन ठेवून दिला. मांडवात हजार माणसांपुढं बोलणाऱ्या या गड्याला एका बाईपुढं एक वाक्य बोलता आलं नाही. त्यानं ठरवलं, त्या दिवशी माईक बिघडवायचा. मग त्याच्याच लक्षात आलं की माईक बिघडला तर बाई नुसत्या तोंडानं वाचून घेतील. आवाज बारीक येईल, पण फसवणूक तेवढीच राहील.

सव्वीस जानेवारीला झेंडा झाला. ग्यानोबांनी मास्क हनुवटीवर ओढून दहा मिनिटं भाषण केलं. मग रियाज माईक घेऊन निघाला, बाजूला बाई आणि मागं ग्यानोबा. पहिलं घर त्यांचंच. सत्यमनं शेळीचा धडा असा वाचला की ग्यानोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. माईक धरलेला रियाज मात्र पोराच्या बोटाकडं बघत होता. सत्यमचं बोट तिसऱ्या ओळीवर होतं आणि तोंड पाचव्या; ओळी मोजायला काही अक्षरं यावी लागत नाहीत. म्हणजे हाही त्यातलाच! पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरीही. गाव टाळ्या वाजवत होतं आणि बाई प्रत्येक नावापुढं खूण करत होत्या. कर्ण्यानं एकटी अलीझाच नाही, वर्गच्या वर्ग रियाज करून ठेवला होता.

सातवं घर आलं. अलीझा नवा हिरवा फ्रॉक घालून उंबऱ्यावर बसली होती, पुस्तक उघडून. वहिदा दाराआड उभी होती. बाई म्हणाल्या, "हं, अलीझा, वाच बेटा."

रियाजनं माईक पोरीपुढं धरला नाही. तो स्वतःच्या तोंडापाशी नेला.

"अलीझाच्या आधी मी वाचतो," तो म्हणाला.

गल्लीत हशा पिकला. रियाजनं खिशातून एक कागद काढला, समोर धरला आणि आपल्या मांडवातल्या आवाजात सुरुवात केली. "विहीर खोल आहे. विहिरीत कासव आहे. कासव म्हणालं, पाणी गार आहे..." अख्खा धडा त्यानं एका दमात वाचला, जिथं थांबायचं तिथं थांबला, जिथं बाई आवाज चढवायच्या तिथं त्यानंही चढवला. टाळ्या पडल्या. पारूबाई ओरडली, "वा रं माझ्या वाघा!"

"बाई," रियाज म्हणाला, आणि हे कर्ण्यावरून सगळ्या गावात गेलं, "हा कागद बगा काय हाय."

बाईंनी कागद घेतला. ती एका लग्नाची पत्रिका होती, गेल्या एप्रिलमधली, न झालेल्या लग्नाची.

"यात विहीर बी न्हाई न् कासव बी न्हाई. मला वाचता येत न्हाई. कदीच आलं न्हाई. तुमच्या घरची नावं मी वाचत नव्हतो, पाठ म्हणत व्हतो. मला कुनी मधीच बोट ठिवून इचारलं न्हाई, म्हणून खपलं." त्यानं माईक खाली घेतला नाही. "आपली लेकरं तसंच करून राह्यलीत. त्यांचा काय बी गुन्हा न्हाई. कर्ण्यातून आवाज येतो, अक्षर येत न्हाई. आता ज्याच्या त्याच्या घरी पुस्तक भलतीकडं उघडा, मधल्या शबुदावर बोट ठिवा न् इचारा. वरडू नका लेकरांवर."

मग त्यानं माईक बंद केला. लाज वाटत होती, कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. अलीझाकडं त्यानं पाहिलं तर ती रुसली होती. तिची पाळी गेली होती, तिला बाकी काही कळलं नव्हतं.

कुणी हसलं नाही, कारण प्रत्येक जण आपापल्या घरात पुस्तक उघडत होता. बाई उंबऱ्यावर अलीझाशेजारी खाली बसल्या, पुस्तक मधूनच उघडलं, बोट ठेवलं. दुसरं पान उघडलं, पुन्हा बोट ठेवलं. मग त्यांनी पुस्तक मिटलं.

"रियाजभाई, हे माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं," त्या म्हणाल्या. "मी वाचत गेले आणि मागून आवाज येत गेला. मला वाटलं, शिकली." हातातल्या वहीवरच्या सहा खुणा त्यांनी एकेक करून खोडल्या.

ग्यानोबा नातवाला घेऊन आले. अध्यक्षांचा चेहरा पार उतरला होता. "आमचा सत्यम बी अडकला," ते म्हणाले. मग इकडंतिकडं बघून, आवाज खाली आणून रियाजला म्हणाले, "अन् लेका, मला तरी कुठं येतंय? सही येते तेवढी. चष्मा असून वाचता येत न्हाई."

पुन्हा तपासल्यावर सातांपैकी खरं वाचणारी एकच पोर निघाली, तनुजा. कुठंही बोट ठेवा, अडखळत का होईना, पण वाचायची. बाईंनी तिच्या आईला, सिंधूला विचारलं तर ती पदराआड तोंड लपवायला लागली. "मी काय शिकवनार बाई? सातवी नापास. सकाळच्याला परातीत पीठ घेते न् भाकरी करायच्या आदी पोरीला एक अक्षर काढून दावते. ती बोटानं गिरवती. मग मी पानी वतते न् मळते. तुमी कर्ण्यात म्हणशाल ते कानात, न् मी काढीन ते पिठात. दुसरं काय न्हाई."

दुसऱ्या आठवड्यापासून कर्णा बदलला. आठऐवजी साडेसहाला, भाकरीच्या वेळेला. बाई म्हणायच्या, "परात घ्या. पीठ पसरा." एका दिवसाला एकच अक्षर. चाळीस घरी सिंधू कुठून आणायची? म्हणून बाईंनी आणि तिनं मिळून ते अक्षर आदल्या दिवशी गेरूनं भिंतीभिंतींवर हातभर मोठं काढून ठेवायचं, ग्यानोबांच्या भिंतीवर तर दोन्ही बाजूंनी. ज्यांना येत होतं ते सांगायचे, ज्यांना येत नव्हतं ते भिंतीकडं बघून लेकराबरोबर गिरवायचे. एप्रिलात पुन्हा सगळं बंद झालं, पण पराती चालू राहिल्या. वहिदा कुरकुरायची की भाकरीत रोज एक अक्षर जास्तीचं जातंय, पण परात तीच पुढं सरकवायची.

रियाजनं आता यंत्राला लांब वायर लावून ॲम्प्लिफायर घरातच आणला होता. बटण दाबायचं आणि परातीपाशी बसायचं. एका बाजूनं अलीझा, दुसऱ्या बाजूनं तो. त्याची बोटं जाड, अक्षर पसरट यायचं. अलीझा ते पुसून टाकायची आणि म्हणायची, "पुन्हा."

मे महिन्यात एका सकाळी अक्षर झालं, पीठ मळून झालं. रियाज पेटी पुसत होता. अलीझा येऊन पेटीपुढं उकिडवी बसली आणि पिवळ्या अक्षरांकडं एकटक बघायला लागली.

"अब्बा, ह्याच्यावर काय लिवलंय?"

"रियाज साउंड सर्व्हिस," रियाज एका दमात म्हणाला. बारा वर्षं म्हणत होता.

अलीझानं पिठाचा हात पुढं केला आणि पहिल्या शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर बोट ठेवलं. बाकीची अक्षरं तिनं दुसऱ्या तळव्यानं झाकून टाकली.

"हे सांगा."

"रियाज..." त्यानं सुरुवात केली.

"न्हाई," अलीझा म्हणाली. "सुरुवातीपासून न्हाई."

कानानं मदत करायचा प्रयत्न केला, पण झाकलेल्या अक्षरांपाशी कानाचं काही चालेना. त्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं. वाकून, डोळे बारीक करून, चष्मा हरवलेल्या माणसासारखा तो त्या एका अक्षराकडं बघत राहिला. हे कुठं पाहिलंय? ग्यानोबांच्या भिंतीवर. मागच्या गुरुवारी. परातीत तीन वेळा पुसलं होतं पोरीनं.

"ज," तो म्हणाला.

अलीझानं मान डोलावली आणि बोट पुढच्या अक्षरावर सरकवलं.